मागे बसणारा वायरमन

घाटंजीच्या बस स्टँडसमोर, कडुलिंबाखालच्या टिनाच्या शेडमध्ये बसणारा वायरमन गाडीला हात लावायच्या आधी तिच्यावर माणसं बसवायचा. नुसता मालक नव्हे, तर रोज त्या गाडीवर जेवढी माणसं आणि जेवढं सामान जातं तेवढं सगळं. "घरचे नाही आणले? मंग उद्या या," असं म्हणून त्याने परत पाठवलेली गिऱ्हाइकं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत, आणि ती दुसऱ्या दिवशी बायकोपोरांसकट हजर झालेलीही पाहिली आहेत. रस्त्याच्या अलीकडे माझं दुकान, तेही गाड्यांच्या वायरिंगचंच. भिंतीवर आयटीआयचं प्रमाणपत्र, काउंटरवर डिजिटल मीटर, गिऱ्हाइकांना बसायला चार खुर्च्या. बहुतेक वेळा त्यातल्या एकीवर मीच बसलेला असायचो.

वीज मंडळात तो एक दिवसही नोकरीला नव्हता. तरी गावाने त्याला वायरमन म्हटलं आणि तेच नाव राहिलं. वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचा. तोंडावर मी त्याला काका म्हणायचो, मनात मात्र कधी अहोजाहो केलं नाही.

जुन्या स्कूटरचे इंडिकेटर हा त्याचा हातखंडा. बटण दाबलं की तो सगळ्यांना गप्प करायचा, डोळे मिटायचा आणि दिवा मिचकवणाऱ्या फ्लॅशरची टिकटिक ऐकायचा. टिकटिक घाईची असली तर एखादा बल्ब गेलेला. दिवा न मिचकता नुसता पेटून राहिला तर फ्लॅशर मेलेला, नाहीतर बॅटरी उतरलेली. उजेड मंद असला तर अर्थिंगच्या स्क्रूखाली गंज. यातलं सगळं मला पाठ होतं, परीक्षेत मी ते लिहूनही आलो होतो. पण मी सांगितलं की लोक "बरं" म्हणायचे आणि लगेच किती वेळ लागेल ते विचारायचे. त्याने सांगितलं की माना डोलवायचे.

"डबल स्टँडवरची गाडी लबाड बोलते," असं त्याचं म्हणणं. "माणूस बसू द्या तिच्यावर, मंग खरं सांगते." एकदा पारवा गावाकडचा एक गडी बायको, पोरगी आणि सासू अशी सगळी वरात घेऊन आला. डावं इंडिकेटर मध्येच बंद पडायचं. वायरमनने सगळ्यांना स्कूटरवर बसवलं आणि स्वतः कमरेत वाकून गाडीमागे धावत सुटला. सासूबाईंची पुढे गड्याच्या पायाशी ठेवलेली थैली हँडलखालच्या वायरींना रेटत होती आणि त्यातली एक आतून तुटलेली होती. सगळं स्टँड हसत होतं. मी हसलो नाही. माझ्या मीटरला ती वायर सापडली नसती हे मला कळलं होतं, आणि त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं.

इथवर ठीक होतं. धंदा म्हटला की असं चालायचंच, अशी मी मनाची समजूत घालायचो. पण माझे स्वतःचे वडील त्याच्याकडे जायला लागले, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. गाव त्यांना गुरुजी म्हणतं. त्यांची स्कूटर माझ्याहून वयाने मोठी आहे. आई होती तोवर मागची सीट तिची. ती गेल्यापासून तिथे फक्त रविवारचं दळण बसायचं. फ्लॅशर गेला तेव्हा मीच नवा टाकला, आणि हात लागलाच आहे तर म्हणून मागच्या उजव्या इंडिकेटरची लोंबकळणारी वायर कापून चांगली ताणून, टेप मारून नेटकी केली. गाडी उभी असताना इंडिकेटर नव्या गाडीसारखं मिचकायला लागलं. पुढच्याच रविवारी गिरणीकडे वळताना ते लागलं नाही. मागच्या टेम्पोवाल्याला बाबा वळताहेत हे कळलंच नाही. टेम्पो घासून गेला, पोतं फाटलं, बाबांचं कोपर खरचटलं. त्यांनी स्कूटर माझ्या दुकानासमोरून ढकलत रस्त्यापलीकडे नेली. मी काउंटरमागे उभा राहून बघत होतो.

"जय भीम, गुरुजी. मांगं काय नेता तुमी गाडीवर?" वायरमनने विचारलं.

"दळण."

"मंग दळण घेऊन या."

बाबा पोतं घेऊन आले. पोतं ठेवलं आणि इंडिकेटर गेलं. पोतं काढलं, ते लागलं. वायरमनने स्कूटरच्या बाजूचा डबा उघडून तासभर काहीतरी केलं आणि मग पोत्याच्या जागी स्वतःच बसला. "चालवा आता. रस्त्यावर पाहू." दोघे पांढरकवड्याच्या रस्त्याने गेले ते दुपारी परत आले, तेव्हा बाबा हसत होते. आई गेल्यानंतर मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. त्याने माझं गिऱ्हाईक नेलं असतं तर मी सोसलं असतं.

"काय निघालं?" मी जेवताना विचारलं.

"उंदरानं वायर कुरतडली म्हणे."

सकाळी मी डबा उघडून पाहिला. माझी ताणलेली वायर काढून त्याने वीतभर जास्त लांब वायर टाकली होती आणि जोडाजवळ एक सैल वळण ठेवलं होतं. मागे वजन आलं की गाडी दबायची आणि माझा जोड ओढला जायचा. म्हणजे तो उंदीर मीच होतो. त्याने मला बाबांसमोर उघडं पाडलं नाही, याचा मला जास्त राग आला. उघडं पाडलं असतं तर निदान त्याच्याशी भांडता आलं असतं. तेव्हापासून मीही प्रत्येक वायरला तसं वळण ठेवतो. कुठे शिकलो, हे कोणाला सांगत नाही.

मग दर रविवारी स्कूटर त्याच्याकडे. इंडिकेटर पुन्हा गेलं म्हणून. दोघे तासन्‌तास फिरायचे. शेवटी मी बाबांना विचारलंच, "घरचं दुकान असताना त्याच्याकडं काहून जाता?"

बाबा चपला शोधत होते. "तू गाडीले पाह्यतं," ते म्हणाले. "तो मले इचारते."

मागच्या दिवाळीनंतर वायरमनच्या डोळ्यांना पिवळी आणि पांढरी वायर सारखीच दिसायला लागली. मुलगी त्याला वर्ध्याला न्यायला आली. जायच्या आदल्या दिवशी तो पहिल्यांदाच रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आला, खुर्चीवर बसला, चहा प्यायला.

"राजा, गुरुजीच्या गाडीले त्या दिवसानंतर मी हात नाही लावला. चांगलं चालू हाय इंडिकेटर."

"मग दर रविवारी काय दुरुस्त करत होता तुम्ही?"

"मांगची सीट रिकामी हाय न त्यायची," तो म्हणाला. "आता तू बसत जाजो मांगं."

"बाबांना माहीत आहे हे?"

"मले का माहीत. म्या कधी इचारलं नाही." कप खाली ठेवून तो उठला. मी त्याला 'थांबा' म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं. तीन वर्षं ज्याच्यावर जळलो, त्याने मला माझ्याच घराचा रस्ता दाखवला होता, आणि माझ्या तोंडून साधा आभाराचा शब्द निघाला नाही.

पुढच्या रविवारी मी बाबांना म्हणालो, "तुम्ही चालवा, मी मागं बसून पाहतो." मोठा झाल्यापासून मी त्यांच्या मागे बसलो नव्हतो. खांद्यावर हात ठेवला तर खांदे किती उतरले आहेत ते हाताला कळलं. बाबांनी गाव मागे टाकलं. मग शाळेतल्या गोष्टी निघाल्या, मग आईच्या. परतताना घराच्या वळणावर त्यांनी उजवं इंडिकेटर दिलं.

"लागते का पाह्य," ते म्हणाले.

मी वाकून पाहिलं. दिवा व्यवस्थित मिचकत होता.

"लागतं, मधेच जातं," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी पुन्हा पाहावं लागेल."

"वायरमनबी असंच म्हणे," बाबा म्हणाले. मला तेव्हाही त्या माणसाचा हेवा वाटला. बाबांनी इंडिकेटर बंद केलं आणि घराकडे न वळता गाडी सरळ पुढे घेतली.