बान काकांचा मुका कीबोर्ड

मल्सुकताईचा डावा कान विशीतच गेला, पत्रे ठोकायच्या कारखान्यात. पुढचं सगळं आयुष्य तिने उजव्यावर काढलं. सोलच्या आमच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात माझ्या रेडिओ-दुरुस्तीच्या गाळ्याला लागून तिचं टेबल. कीबोर्डच्या प्रत्येक बटणाखाली एक चिमुकला स्विच असतो. ती तो उघडायची, स्प्रिंग बदलायची, आतल्या दांडीवर कुंचल्याने ग्रीसचा हात फिरवायची आणि पुन्हा मिटून कानाशी धरून दाबून बघायची. पोरं लांबून यायची.

"मावशी, गोट्या सांडल्यासारखा आवाज पाहिजे."

"डोक्यातल्या काढून दे, त्याच घालते!"

एका सकाळी बान काका आले. जन्मभर बस चालवलेला माणूस, पंजे फावड्याएवढे. कापडात बांधून बायकोचा कीबोर्ड आणला होता.

"याला मुका करून द्या, ताई."

"अहो काका, लोक आवाजासाठी जीव टाकतात."

"सुनिमचा आहे हा. मुलाखती ऐकून ऐकून टाइप करायची. वसंतात गेली. आता मी दुपारी जेवायला बसलो, की तिच्या खोलीतून वाजतो."

"घरात मांजर आहे?"

"नाही."

मी मध्येच म्हटलं, "वायर काढून ठेवा ना."

काका माझ्याकडे बघतच राहिले. "बटण वाजायला वीज कशाला लागते रे?"

ताईने काम घेतलं. कडेने धुळीचा थर बसला होता, पण बटणं लख्ख. ताईने मला बोलावून दाखवली.

"काका वापरत असतील," मी म्हटलं.

"त्यांची बोटं बघितलीस? एका वेळी दोन बटणं दबतील."

तिने प्रत्येक स्विचमध्ये मऊ रबराचे तुकडे बसवले, वर दाट ग्रीस भरलं. दाबलं तर हूं नाही की चूं नाही. काका समाधानाने घेऊन गेले.

आणि आठवड्याभरात परत आले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"आवाज येतो का त्याचा?" ताईने विचारलं.

"तो मुकाच आहे. पण आता भिंतीतून येतं. काल भाताच्या भांड्यातून आलं. तिला काम करायचंय, ताई. जागा शोधत फिरतेय घरभर."

ताईने हत्यारांची पेटी उचलली. मलाही ओढत नेलं.

काकांचं घर चढावर, दोन खोल्यांचं. लख्ख दुपार होती. काकांनी भात वाढला, किमची वाढली. मी पहिला घास घेतला आणि ताईचा हात हवेतच थांबला. तिने उजव्या कानावर तळवा गच्च दाबला. तसाच धरून बसली.

"काय झालं?"

"डाव्यातून येतंय," ती म्हणाली.

मला काहीच ऐकू येत नव्हतं. पण काकांची आणि तिची मान एकाच वेळी कपाटाकडे वळली. मग खिडकीकडे. मग हळूहळू माझ्या ताटाकडे. मी चमच्याला पुन्हा हात लावला नाही.

ताईने तिथेच जमिनीवर कीबोर्ड उघडला. एकेक रबर काढलं, ग्रीस पुसलं, जुन्या स्प्रिंगा होत्या तशा बसवल्या. काका शेजारी लसूण सोलत बसले. उन्हं कलली तेव्हा तिने तो नेऊन सुनिमच्या टेबलावर ठेवला आणि ती मागे सरली.

दोघांच्या माना घरभर फिरल्या, कशाच्या तरी मागे मागे जाव्यात तशा, आणि त्या खोलीच्या दाराशी येऊन थांबल्या.

"बसली," काका म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले.

तेव्हापासून काका जेवण त्या दाराशी मांडतात. लेक देजॉन शहरात स्वतःकडे राहायला बोलावते, तर म्हणतात, "तुझ्या आईचं काम आटपू दे, मग बघू." मल्सुकताई आता कुणाचा कीबोर्ड मुका करत नाही, कितीही गयावया करा. अधूनमधून नाशपाती घेऊन काकांकडे जाते. मलाही 'चल' म्हणते. मी दर वेळी काही ना काही काम काढतो.