जवसाच्या तेलाखालचा चौक

आमच्या बैठकीत टीव्ही यायचा ठरला आणि पहिली कुऱ्हाड पडली ती सासूबाईंच्या चित्रावर. टीव्हीचं कपाट त्याच भिंतीला लागणार होतं. तसंही त्यात आता काय दिसतं, असं आमचे हे म्हणाले, आणि दिसत खरंच काही नव्हतं. महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या चौकाचं ते तैलचित्र, सासूबाईंच्या भावानं त्यांच्या लग्नात काढून दिलेलं. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन निघालेल्या पोरांची गर्दी, दुकानं, आणि डाव्या अंगाला माहेरच्या ओट्यावर उभी असलेली त्यांची आई. ती पुढे वर्षभरात गेली. तिचा फोटो कुणाकडेच नव्हता. हे सगळं मला ऐकून माहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा चित्रात नुसता काळोख होता.

मी शाळेत चित्रकला शिकवायची. चित्र काळं कशानं पडलं ते मला पहिल्याच दिवाळीत कळलं. सासूबाई दारं-चौकटी जवसाच्या तेलानं पुसायच्या आणि तेच फडकं मायेनं चित्रावरूनही फिरवायच्या; ते तेल वाळून थरावर थर काळं पडत गेलं होतं. चित्र पुसायचं काम मी तेव्हाच मागून घेतलं, कारण मात्र सांगितलं नाही.

आता मी हट्टालाच पेटले. चित्र माळ्यावर जाणार नाही, टीव्ही हवा तर स्वयंपाकघरात ठेवा, म्हटलं. घरात अबोला झाला. मी स्पिरिट, टर्पेंटाइन आणि कापूस घेऊन आले. तेलाबरोबर खालचा रंगही निघू शकतो, तुमची आई कायमची जाऊ शकते, हे सासूबाईंना स्पष्ट सांगितलं. त्यांनी होकाराची मान हलवली आणि शेजारी पाट घेऊन बसल्या.

कोपऱ्यातून सुरुवात केली. कापूस चहासारखा तपकिरी व्हायचा. खालून आधी ऊन निघालं, मग एक छप्पर, मग लाकडी बैलाचं शिंग. सासूबाईंनी टाकलेला कापूस उचलून बोटांत चोळून पाहिला.

"हे तर तेल आहे वं," त्या म्हणाल्या. "मीच बुजवलं का तिले?"

खोटं बोलणं मला जमलं असतं. हो, म्हटलं, पण ती खाली असणार. आणि नसली तर, हा विचार बाजूला सारून मी नवा कापूस भिजवला.

ओट्याजवळ आल्यावर त्यांनी कापूस मागून घेतला. हिरवं लुगडं आलं, कमरेवरचा हात आला. चेहरा आलाच नाही. तिथे तांबूस रंगाचा एक ठिपका होता, बस. नाक-डोळे भावानं काढलेच नव्हते. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

सासूबाई मात्र ठिपक्याकडे बघत बसल्या.

"चित्रातलं तिचं तोंड मले आठवूनच नाही राहिलं होतं," त्या म्हणाल्या. "वाटे, मायचं तोंड विसरणारी कशी पोरगी मी. विसरली नव्हती वं. त्यानं काढलंच नव्हतं."