करंगळीवरचा संशय

उजव्या हाताची करंगळी भाजली आणि मला कळलंच नाही, तिथून हे सुरू झालं. चुलीवरचं चहाचं भांडं उतरवताना ती कडेला लागली असावी. फोड मायनं पाहिला.

"हे कधी पोळलं?"

"मले नाही माहीत."

"पोळलं अन् माहीत नाही?" तिनं माझा हात सोडून दिला.

आमच्या भागात बोट बधिर होणं म्हणजे काय, हे कोणाला सांगावं लागत नसे. महारोग. करंगळी आणि शेजारचं बोट बरेच दिवस मुकं होतं, शाळेत खडू निसटायचा. आता प्रत्येकाची नजर मला त्या बोटांवर दिसू लागली.

बालाघाटच्या एका हिंदी शाळेत मी शिक्षक होतो. घरातला पहिला पदवीधर. चूल माझ्याच नोकरीवर पेटायची. एका दुपारी शिक्षकांच्या खोलीत माझ्यापुढे कान तुटलेला वेगळा कप आला. आम्ही बौद्ध. असा कप माझ्या वडिलांनी जन्मभर पाहिला होता. पण या खोलीत मी आजवर सगळ्यांसारख्याच कपातून चहा घेतला होता. मग हे जुनं वर आलं, की बोटामुळे? विचारणार कोणाला?

लवकरच हेडमास्तरांनी बोलावलं. याच माणसानं मला नोकरी दिली होती.

"मास्टरजी, पहले डॉक्टर को दिखा लीजिए. बच्चों के माँ-बाप पूछ रहे हैं. तब तक क्लास मत लीजिए."

कोण विचारत होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. माझा संशय गणिताच्या मास्तरांवर गेला. शिक्षकांच्या खोलीतही माझ्या हातून खडू पडला की सर्वांत आधी तेच वळून बघायचे.

दवाखान्यात डॉक्टरांनी सदरा काढायला लावून पाठ-पोट बारकाईनं पाहिलं, चट्टा शोधला, सापडला नाही. गरम आणि थंड पाण्याच्या नळ्या कातडीला लावून विचारलं. मग कोपरामागे दाबलं, तशी करंगळीपर्यंत झिणझिणी गेली.

"कोपर टेकवून वाचता का?"

वाचत होतो. एम.ए.च्या अभ्यासात तासन्‌तास डोकं उजव्या हातावर असायचं.

"महारोग नाही. कोपरात नस दबली आहे. कोपर टेकवू नका, झोपताना हात वाकवू नका. एवढ्यानं भागलं नाही तर नागपूरला ऑपरेशन."

माझा विश्वास बसला नाही. डॉक्टर भले होते. भली माणसं खोटंही बोलतात. मायचं तर ठरलेलंच होतं.

"दबली कोपरात अन् मेलं बोट? लपवून राह्यला तो डॉक्टर."

तरी झोपण्याआधी माझ्या कोपराला जुनं लुगडं तीच गुंडाळायची.

"एवढं आवळू नको व माय."

"चूप बस. तुले पोळलेलं कळत नाही, आवळलेलं बरं कळते!"

बोटांत मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा रोग वाढला असंच आम्ही दोघं समजलो. डॉक्टर हसले. नस जागी होत होती म्हणे. थंडी सरता सरता खडू बोटांत टिकू लागला. ऑपरेशन लागलं नाही. हेडमास्तरांशी डॉक्टर स्वतः जाऊन बोलले. ते उपकार मी विसरलेलो नाही.

वर्गावर परतलो त्या सकाळी शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या मास्तरांनी पुढे होऊन माझा उजवा हात हातात घेतला. "बधाई हो, भाई." आणि ते बाहेर पडले.

मी खिडकीशी गेलो. अंगणात नळ होता. ते हात धुवायला थांबतात का, हे मला पाहायचं होतं. थांबले नाहीत, सरळ वर्गात गेले. तरी घंटा होईपर्यंत मी त्यांच्या दाराकडे पाहत उभा होतो.