अर्धा मिलिमीटर

आमच्या कंपनीची बस रोज सकाळी चाकणच्या कांदा मार्केटच्या अलीकडे युसुफभाईंच्या गॅरेजवरून जाते. महिन्यापूर्वी एका सोमवारी तिथलं शटर खाली होतं आणि बाहेर टोप्या घातलेली माणसं उभी होती. शेजारच्या सीटवरचा म्हणाला, "युसुफ मिस्त्री गेले राव. पहाटे झटका आला." बस थांबली नाही, मीही थांबवली नाही... कंपनीच्या टूलरूममध्ये, जिथे मी अचूक मापाचे सुटे भाग बनवतो, दिवसभर मान खाली घालून काम करत राहिलो. मातीलासुद्धा गेलो नाही.

आमची ओळख झाली ती वडिलांच्या जीपमुळे. वडील गेल्यावर त्यांची जुनी फोर-व्हील जीप राजगुरुनगरला घरामागे नुसती उभी होती, इंजिन पार संपलेलं. तिच्यात आजच्या गाडीचं डिझेल इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स बसवायचं माझ्या मनानं घेतलं. तीन गॅरेजवाल्यांनी हात जोडले. युसुफभाई मात्र जीपखाली आडवे झाले, बराच वेळ बाहेरच आले नाहीत, आणि आले ते हसत. "हुतंय की, जाधवसाहेब. पर घाई न्हाई करायची. आधी ब्रेक, मग ताकद." त्यांनी खरोखरच आधी ब्रेक बदलले, मग स्टिअरिंग, मग चासीला जिथे गंज होता तिथे नवे पट्टे. पाच महिने माझे रविवार त्या गॅरेजमध्ये गेले. दुपारी आमचे डबे जीपच्या बॉनेटवर उघडायचे आणि ते स्वतःच्या डब्यातलं कालवण आधी माझ्या झाकणात वाढायचे.

नवा गिअरबॉक्स आणि चारी चाकांना जोर वाटून देणारा जीपचा जुना डबा, या दोघांची तोंडं जुळत नाहीत. मध्ये एक जाड लोखंडी प्लेट लागते. "भोसरीचा आपला लेथवाला करून दील," युसुफभाई म्हणाले, "तीस वर्षांचा हात हाय त्याचा." मी हसलो. म्हणालो, "युसुफभाई, आम्ही मायक्रॉनमध्ये काम करतो, मिलिमीटरच्या हजाराव्या भागात." प्लेट मी स्वतः केली, कंपनीत परवानगी काढून. त्यांनी ती दोन्ही हातांत घेतली आणि उजेडाकडे धरली. "आरशावाणी झालीय," म्हणाले. ज्या दिवशी इंजिन चालू झालं त्या दिवशी आम्ही दोघं जीप तशीच राजगुरुनगरला घेऊन गेलो. आई पायरीवर उभी राहून जीपला हात लावत राहिली आणि युसुफभाई लांब जाऊन उगाच टायर बघत बसले.

पुढच्या तीन महिन्यांत गिअरबॉक्सचं बेअरिंग दोनदा गेलं. दोन्ही वेळा त्यांनी निमूटपणे खोलून नवं घातलं. तिसऱ्यांदा भीमाशंकरच्या चढावर, मित्रांच्या सहा जीपच्या मध्येच, माझी जीप जाम झाली. मी फोन केल्यावर युसुफभाई टेम्पो घेऊन आले. तिथे, सगळ्यांसमोर, मी त्यांना म्हणालो, "नव्या गाड्यांचं काम तुमच्या आवाक्यातलं नाही, युसुफभाई. आधीच सांगायचं होतंत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली बसून टोचनाचा दोर बांधायला लागले. घरी आल्यावर तेच मी आमच्या जीपवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलं, त्यांच्या गॅरेजचं नाव घालून. ग्रुपमधल्या दोघांच्या जीप त्यांच्याकडे इंजिन बदलायला जायच्या होत्या. गेल्या नाहीत. नंतर मला बसमधून दिसायचं, ते मार्केटच्या पिकअपच्या स्प्रिंगचे पाटे बदलत बसलेले असायचे.

जीप मी रावेतच्या एका नव्या गॅरेजला दिली. तिथेही तेच बेअरिंग गेलं. तेव्हा कुठे मला माझ्या प्लेटची शंका आली. त्याच सेटिंगवर केलेली जास्तीची एक प्लेट माझ्या कपाटात होती. ती मापाच्या मशीनवर लावली. मधलं भोक अर्धा मिलिमीटर सरकलेलं होतं; त्यामुळे दोन्ही डबे एका रेषेत बसत नव्हते आणि बेअरिंग झिजून जात होतं. चूक माझी होती, पहिल्या दिवसापासून.

ही गोष्ट त्यांच्या मृत्यूच्या दोन महिने आधीची. दोन महिने मी रोज त्या गॅरेजवरून गेलो. आज उतरू, उद्या उतरू. एकदा त्यांनी बसकडे पाहून हात वर केला. मला की ड्रायव्हरला, कोण जाणे. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं.

परवा गेलो. त्यांचा थोरला, इम्रान, आता गॅरेज बघतो. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्याने हातातलं काम थांबवलं नाही.

"अब्बांना म्हायती हुतं, काका. दुसऱ्यांदा खोललं तवाच मापली हुती त्यांनी."

"मग बोलले का नाहीत?"

"म्या बी तेच इचारलं. म्हणले, साहेब त्यांच्या कामावर जीव लावून हायेत. मोजतील कधीतरी, आन् येतील सांगाया."

मी मोजली होती. आलोच नव्हतो.

घरी येऊन ग्रुपवर सगळं खरं लिहिलं. लोकांनी हात जोडल्याच्या खुणा टाकल्या, एकाने 'मोठं मन' असं लिहिलं. वाचवेना, फोन पालथा घातला. मग नवी प्लेट केली आणि काल इम्रानकडे घेऊन गेलो. त्याने ती घेतली, भिंतीवरच्या खिळ्याला लावलेला अब्बांचा व्हर्निअर काढला, फडक्याने पुसला आणि माझ्यासमोरच प्लेट मोजायला बसला. एकदा मोजली. मग फिरवून पुन्हा मोजली.

तो मोजत होता तोवर मी तिथे उभा राहिलो.