दुसऱ्याच्या घरची अंगाई

मी इथे फारसं लिहीत नाही. आई गेल्याचंही लिहिलं नव्हतं. आज मात्र तुम्हाला काही विचारायचं आहे.

मी वालूरजवळच्या एका गावात सहावीला शिकवतो. आईचं सगळं उरकून शाळेत आलो, तेव्हा मुलांना तिची अंगाई म्हणून दाखवली. मग सांगितलं, आता शेजारी बसणाऱ्याच्या घरची अंगाई शिकून घ्या. एकमेकांची घरं कळावीत, एवढाच हेतू होता.

वैष्णवी सुजाताच्या आजीचा पाळणा शिकली. त्यात बुद्धाचं नाव येतं. काल घरी धाकट्या भावाला झोका देताना तिने तोच म्हटला.

आज मधल्या सुट्टीत तिचे काका आले. आवाज अजिबात चढवला नाही. "गुरुजी, लेकरू झोपलं, पण आमचं घर जागं झालं. काय शिकवायलाव तुमी?"

"अंगाईच आहे," मी म्हणालो.

"मग उद्या परिपाठाला येतो आमी चार-पाच जण. बघू, कोण कोणाचं गातंय." माझ्या खांद्यावर हात ठेवून, हसून गेले.

वर्गात आलो तर दोघी वेगवेगळ्या बाकांवर बसल्या होत्या. शाळा सुटताना सुजाता जवळ आली. "सर, उद्या आजीचा पाळणा म्हणू का नको?"

मी "म्हण" म्हणालो.

घरी आल्यावर आठवलं, तिच्या घरचा रस्ता त्या काकांच्या दारावरूनच जातो.

अशा वेळी मी आईला विचारायचो. तुम्ही सुजाताला काय सांगितलं असतं?