जुना हुकूम

नेट स्लो आहे, असं कुणी म्हटलं की वंदनाताई आधी विचारायच्या, “कोणाचं?” “सगळ्यांचंच,” म्हटलं तर, “सगळ्यांना विचारलंस?” अंदाजाने बोललेलं त्यांना खपत नसे. यंदा ताई गेल्या. अंबडच्या कॉलेजात त्या कॉम्प्युटर शिकवत आणि संध्याकाळी आमच्या अभ्यासिकेत येत.

अभ्यासिकेत दोन खोल्या. मुलांना नवे कॉम्प्युटर, मुलींना मुलांनी वापरून टाकलेले. भरतीच्या ऑनलाइन सराव परीक्षा सुरू झाल्या आणि मुलींचं नेट रांगायला लागलं. अभ्यासिकेचे सचिव आप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, “पोरी सिनेमे बघून राह्यल्या. मंग नेट कसं चालंल? सोमवारी मशीनी उचलतो.”

सुजाता पोलीस भरतीची तयारी करत होती. ‘सिनेमे’ हा शब्द तिच्या घरी पोचला असता, तर तिचं येणंच बंद झालं असतं. आमचं घर चळवळीतलं, गादीखालीसुद्धा पत्रकं असायची. मी तिथल्या तिथे एक निषेधाचं पत्रक जुळवायला घेतलं.

“काढ की पत्रक,” ताई म्हणाल्या, “पण आधी बिघाड काढू दे.”

त्यांनी आप्पांनाच सोबत घेतलं. मुलींचा एक कॉम्प्युटर मुलांच्या खोलीत आणून तिथली वायर लावली. तरी तो रांगतच होता. मुलांचा कॉम्प्युटर मुलींच्या वायरीवर लावला, तर पळाला.

“वायर बराबर हाय, आप्पा. दोष मशीनच्या आत हाय.”

मग त्यांनी नेटवर्क कार्डाचं सेटिंग उघडलं. वेग ‘ऑटो’वर हवा होता, तो सगळ्यात खालच्या आकड्यावर बांधलेला होता, त्यातही ‘हाफ डुप्लेक्स’.

“सगळ्या वायरी जिथं जुळतात तो स्विच जुना होता, तव्हा कोणीतरी ह्या कार्डांना हुकूम दिल्ता,” ताई म्हणाल्या. “हळू बोलायचं, आन् समोरचा बोलत असंल तर गप बसायचं. स्विच नवा आला. हुकूम मागं घ्यायचं कोणाच्या ध्यानातच न्हाई.”

ताईंनी मुलींच्या चारही कॉम्प्युटरवर ‘ऑटो’ केलं. सुजाताची प्रश्नपत्रिका झटकन उघडली.

आप्पा चपला घालत म्हणाले, “चला, झालं काम!”

“नेटचं झालं. सिनेमाचं राह्यलं.”

“आता ते कशाला, मॅडम?”

“मशीननं न्हाई, तुम्ही म्हणल्ता.”

आपल्याकडे बिघाड दुरुस्त होतो, आळ मात्र तसाच राहतो. आणि ज्याच्यावर तो आला त्यानेच मन मोठं करावं, अशी अपेक्षा असते. ताईंना हे मान्य नव्हतं. त्या चिडल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. फक्त दारातून हलल्या नाहीत.

आप्पा चपला काढून मुलींच्या खोलीत गेले आणि जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटले.

“मोठ्यानं, आप्पा. मागं ऐकू न्हाई आलं.”

आप्पांनी घसा साफ केला. “पोरींनो, सिनेमे कोणी बघत नव्हतं. मी उगंच बोललो.”

मागच्या बाकावरून सुजाता म्हणाली, “आता आलं ऐकू, आप्पा.”