दिग्रसचं ठिगळ

"बटन!"

एवढा एकच शब्द, आणि सोबत स्वतःच्या छातीवर दोन बोटांची टिचकी. दिग्रसच्या आमच्या शाळेच्या गेटावर हा शब्द ऐकला की पाचवीपासून दहावीपर्यंतची सगळी पोरं आपापल्या छातीकडे बघत. त्या बघणाऱ्यांत मीही असे, आणि मी तर तिथली शिक्षिका, साडी नेसते.

हे ओरडणारे सर खेळाचे शिक्षक, पण त्यांचा जीव गणवेशात. कॉलरच्या मागे दोरा ओवलेली सुई कायम टोचलेली. खिशात बटनं आणि गणवेशाच्या निळ्या चेक्सच्या कापडाचे तुकडे. शिक्षा त्यांनी कुणाला केली नाही. पोराला गेटावरच थांबवत, बटन लावत, दोरा दाताने तोडत आणि पाठीत एक धपाटा देत. "जाय आता. कलेक्टर दिसून राह्यला." काही पोट्टे त्या धपाट्यासाठी मुद्दाम बटन तोडून येत, हे तुम्ही ओळखलंच असेल. सरांनीही ओळखलं होतं.

निवृत्त झाल्यावरही ते गेटावर येतच राहिले. शेवटी लेकीने त्यांना अमेरिकेला बोलावून घेतलं. सरांना ओढ होती नातीची. ती बारा वर्षांची, आजोबांना फक्त फोनमध्ये पाहिलेली. निघताना मला म्हणाले, "मॅडम, बाकी अमेरिका गेली उडत. पोट्टीशी गट्टी झाली पायजे."

शनिवारी आमची सकाळची शाळा असते, तेव्हा तिकडे शुक्रवारची संध्याकाळ. पहिल्याच शनिवारी ऐन परिपाठात सरांचा व्हिडिओ कॉल आला. "फोन जरा रांगेवरून फिरवा, मॅडम." मी फिरवला. एरवी मुख्याध्यापकांनाही न जुमानणारी आठवीची रांग त्या वीतभर फोनसमोर ताठ झाली. "डावीकडून चौथा. बटन!" पोरगा दचकून छाती चाचपू लागला. आम्हा शिक्षकांना हसू आवरेना.

मग तिकडच्या बातम्या सुरू झाल्या. "मॅडम, इथं गणवेशच नाई! शाळा सुटली का बजार सुटला, समजत नाई." पुढच्या शनिवारी आवाज एकदम दबका. "जावई तं चांगला कमावते. मंग नातीचे पँट फाटके कायले? सगळेच्या सगळे गुडघ्यावर फाटले."

सरांना राहवणार थोडंच! नात शाळेत गेलेली पाहून त्यांनी तिच्या सगळ्या जीन्सना आमच्या शाळेच्या निळ्या चेक्सची ठिगळं लावून टाकली. संध्याकाळी लेकीने कपाळावर हात मारला. "बाबा, त्या फाटलेल्याच घेतल्या होत्या!"

"फाटलेल्या घेतल्या? अन् पैसे पूर्ण देल्ले?"

हे ऐकून मी इतकी हसले की फोन हातातून पडता पडता वाचला. सर मात्र हसत नव्हते. "पोट्टी माह्याशी बोलून नाई राह्यली, मॅडम," ते म्हणाले. त्या शनिवारी त्यांनी रांग पाहिली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मला फार वाईट वाटलं. ज्या सुईने त्यांनी परक्यांची पोरं आपलीशी केली, तिच्यापायीच घरची नात रुसावी?

मग एका शनिवारी सर फोनमध्ये मावत नव्हते. "हाये मॅडम! इथंबी हाये!" त्या शाळेत गणवेश नव्हता, पण कपड्यांचे नियम होते. वर्गात टोपी नको, खांदे उघडे नकोत, आणि पँट गुडघ्याच्या वर फाटलेली तर अजिबात नको. सरांनी ते लेकीकडून पोथीसारखे वाचून घेतले होते. "गुडघ्याखाली फाटली तं चालते म्हने! आता हे कोन वाकून पायते?"

आणि तोच नियम नातीला भोवला. वर्गाच्या फोटोच्या दिवशी ती नवीकोरी जीन्स घालून गेली, भोकं थेट मांडीवर. शाळेने ऑफिसात थांबवलं. घरून दुसरी पँट मागव, नाहीतर ऑफिसातली ढगळ पँट घालून फोटोला उभी राहा. आईबाप कामावर, घरी फक्त आजोबा. लेकीने त्यांना फोन केला, "बाबा, कपाटातली एखादी पँट नेऊन द्या." पण कपाटातल्या सगळ्या पँटींना ठिगळं सरांचीच! त्या घेऊन नातीसमोर कसं जावं? सर पँट न घेता सुई आणि एक साधा निळा तुकडा घेऊन निघाले; चेक्सचे तुकडे खिशात होतेच.

पुढचं त्यांच्याच तोंडून ऐका.

"ऑफिसातल्या बाईनं माह्या छातीवर पाहुण्याचा कागद चिकटवला. म्या सुई काढली तं तिचे डोये मोठे झाले. नात ते ढगळं घालून बसली, माह्याकडे पायतबी नाई. म्या साधा निळा तुकडा काढला. चेक्सचा काढाची हिंमतच नाई झाली, मॅडम."

"मग?"

"मंग तिनं माह्या खिशात हात घातला. चेक्सचा तुकडा काढून माह्या हातात देल्ला. म्हने, आबाजी, हा."

परिपाठ संपून पोरं वर्गात गेली तरी मी फोन धरून उभीच.

फोटोत ती पुढच्या रांगेत आहे, दोन्ही मांड्यांवर आमची शाळा. मग काय, तिच्या मैत्रिणी फाटक्या पँटी घेऊन दारात. सरांचा निरोप आला, "कपडा सरला. पाठवा." मी बाजारात गेले. गणवेशाच्या दुकानदाराला पत्ता सांगितला तर तो गजाचं माप हातात धरून बघतच राहिला.

"काहो मॅडम, अमेरिकेत आपल्या शाळेची शाखा निघाली काय?"

"निघाली ना. गेटासकट," मी म्हटलं.

सर आता तिकडेच रमले. इकडे पोरं बटनाच्या जागी पिना लावून येतात. धपाटा द्यायला कुणी नाही. मला त्यांची फार आठवण येते. गेटातून आत शिरताना पदराची पिन मी अजूनही चाचपून बघते.

गेल्या शनिवारी पुन्हा कॉल आला. या वेळी फोन नातीच्या हातात होता. मी सवयीने रांगेवरून फिरवला. तिने डोळे बारीक केले, अगदी सरांसारखे, आणि छातीवर दोन बोटांची टिचकी मारून ओरडली, "तिसरी रांग! बटन!"

अख्खी शाळा खो खो हसली. तिसऱ्या रांगेतल्या एका पोराचं वरचं बटन खरंच तुटलेलं होतं. सर तिच्या मागेच उभे होते. रांगेकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते नातीकडे बघत होते.